पुळणीच्या जमिनीला पातेऱ्याचे पांघरूण

वैशाखातल्या भर दुपारी वेंगुर्ल्याच्या, मालवणच्या किंवा देवगडच्या बाजूला पुळणीतून अनवाणी चालण्याचा प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांवर आलेला असेल. चार पावले गेली की माणूस धावू लागतो, आणि एखाद्या सुरूच्या झाडाची सावली मिळाली की तेथे उभा राहून तळपाय चोळतो. हवेचा पारा त्या वेळी तेहतीस-चौतीस अंशांवर असतो. पण उघड्या, कोरड्या वाळूचा वरचा थर पन्नास अंशांच्याही पलीकडे तापलेला असतो. आपल्याला निदान धावता तरी येते. त्याच वाळूत गेल्या पावसाळ्यात लावलेले माडाचे रोप कोठे धावणार?

श्रोतेहो, आजचे माझे बोलणे या रोपाच्या वतीने आहे. मी काही शेतकी शास्त्राचा पदवीधर नव्हे. महाविद्यालयात मी भूगोल शिकवतो. जमिनीचे प्रकार, पर्जन्यमान, वारे यांविषयी मुलांना सांगतो. पण फळ्यावर वाळूच्या जमिनीचे गुणधर्म लिहिणे निराळे, आणि त्याच जमिनीवर झाड जगवणे निराळे, हे मला माझ्या घरामागच्या परड्याने शिकवले. ते शिकताना जे नुकसान झाले तेही मी सांगणार आहे. कारण त्यातूनच आपल्याला काही उपयोगी पडेल.

आमचे घर किनाऱ्यालगत आहे. परडे म्हणजे निव्वळ पुळण. काही वर्षांपूर्वी मी तेथे माडाची वीस रोपे लावली. पहिल्या पावसाळ्यात ती टवटवीत होती. दिवाळी झाली, माघ सरला, आणि पाणी घालण्याचे काम सुरू झाले. लहान रोपाला उन्हाळ्यात दर चार दिवसांनी सुमारे पंचेचाळीस लिटर पाणी द्यावे असे जाणकार सांगतात. वीस रोपांचे नऊशे लिटर झाले. पंधरा लिटरचा हंडा धरला तर साठ हंडे. हे दर चौथ्या दिवशी! घरातील सर्व माणसे या कामाला जुंपली होती. तरीही दोन उन्हाळ्यांत वीसपैकी सात रोपे गेली. शिवाय किनाऱ्याच्या विहिरीला एक मर्यादा असते. उन्हाळ्यात तिच्यातून फार उपसा केला की खालून समुद्राचे पाणी सरकते आणि गोडे पाणी मचूळ होते. आमच्या विहिरीचे तसेच झाले. पिण्याचे पाणी लांबून आणावे लागले, तेव्हा घरातील मंडळींनी माझ्या माडांविषयी जे काही म्हटले ते येथे सांगण्यासारखे नाही.

आणि हे चालू असताना मी रोज सकाळी काय करीत होतो? परडे झाडून लख्ख करीत होतो. आंब्याची, फणसाची, काजूची पाने एका कोपऱ्यात गोळा करून त्यांना काडी लावीत होतो. स्वच्छतेची सवय, दुसरे काय! एक दिवस शेजारचे आबा कुंपणापाशी येऊन उभे राहिले.

"मास्तरानू, हो धूर कसलो?"

"पातेरा जाळतोय, आबा. परडं साफ ठेवायला नको का?"

आबांनी एकदा धुराकडे पाहिले, एकदा माझ्या हातातल्या हंड्याकडे पाहिले. "माडाचा खाणा जाळतास आणि माडाक नुसता पाणी पाजतास," असे म्हणून ते चालते झाले.

त्या वेळी मला थोडा राग आला, हे कबूल केले पाहिजे. पण आबांचे वाक्य शास्त्राच्या कसोटीवर जसेच्या तसे उतरते, हे पुढे वाचनाने आणि अनुभवाने ध्यानात आले.

वाळूचे कण मोठे असतात. चिकणमातीचा कण दोन मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. वाळूचा कण त्याच्या पंचवीसपट ते हजारपट मोठा. पाणी धरून ठेवले जाते ते कणांच्या पृष्ठभागावर आणि त्यांच्यामधल्या बारीक फटींत. वाळूत फटी मोठ्या आणि पृष्ठभाग थोडा; त्यामुळे ओतलेले पाणी थांबत नाही, सरळ खाली उतरते. एक मीटर खोलीच्या वाळूत झाडाला घेता येईल असे पाणी पाच ते आठ सेंटिमीटरच साठते. घाटावरच्या काळ्या भारी जमिनीत याच्या दुप्पट-तिप्पट साठते. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि तरीही फाल्गुनात रोप तहानेने माना टाकते, याचे कारण हे. दोष पावसाचा नाही. भांड्याला बूड नाही.

आता आच्छादनाविषयी साधारण समजूत अशी असते की ते एक झाकण आहे. टोपावर झाकण ठेवले की वाफ कोंडते, तसा जमिनीवर पाला घातला की ओलावा कोंडतो. हे खरे आहे, पण वाळूच्या बाबतीत अर्धेच खरे आहे. वाळूला स्वतःचेच एक झाकण असते! तिचा वरचा दोन-चार बोटे थर उन्हाने चटकन सुकतो, आणि तो सुकला की खालच्या ओलाव्याची केशाकर्षणाने वर येण्याची वाट तुटते. पुळणीत हातभर उकरले तर खाली ओल लागते, हे मुलांनाही ठाऊक असते. घाटावरचा शेतकरी कोळपणी करून मातीचा भुसभुशीत थर तयार करतो आणि खालची ओल राखतो. ते काम वाळू आपले आपण करते. मग पाला घालून मिळते काय?

तीन गोष्टी मिळतात, आणि तिसरी सर्वांत मोठी आहे. पहिली म्हणजे गारवा. चार बोटे पाल्याखाली वाळू हाताला सोसवेल इतकीच कोमट राहते. रोपाच्या कोवळ्या बुंध्याला आणि वरच्या मुळांना चटका बसत नाही. वाळूचे ते नैसर्गिक झाकण ओल राखते खरे, पण त्या झाकणातच कोवळी मुळे भाजून निघतात. दुसरी गोष्ट तणांची. उजेड मिळाला नाही की बहुतेक तणांचे बी रुजत नाही, आणि झाडाच्या वाटचे पाणी दुसरे कोणी पीत नाही. (लव्हाळ्याला मात्र हे लागू नाही. तो पाल्यातूनच काय, जाड कागदातूनही वर येतो. त्याच्या गाठी आधी खणून काढल्या पाहिजेत.) तिसरी गोष्ट अशी की पाला कुजतो. कुजून त्याचे जे काळे सेंद्रिय द्रव्य होते, ते वाळूच्या कणांभोवती बसते, मोठ्या फटी बारीक करते, पाणी धरते आणि खताला वाहून जाऊ देत नाही. बूड नसलेल्या भांड्याला हळूहळू बूड येते. म्हणून वाळूच्या जमिनीत पाल्याचे काम झाकणाचे थोडे आणि अन्नाचे फार आहे. आबा म्हणाले ते हेच.

पाला जाळला की यातले काय उरते? राख. राखेत पालाश असते, चुना असतो, नाही असे नाही. पण नत्र आणि सारे सेंद्रिय द्रव्य धुराबरोबर गेलेले असते, आणि उरलेले पालाश पहिल्याच मोठ्या पावसात वाळूतून खाली निघून जाते. भाताच्या तरव्यासाठी राब भाजतात तो प्रश्न निराळा. त्याची कारणे निराळी आहेत, त्यात मी शिरत नाही. पण परड्यातला आणि शाळेच्या आवारातला पातेरा जाळण्याला कोणतेही कारण नाही, सवयीवाचून.

आता कोणते आच्छादन निवडावे? बाजारात आणि शहरांतल्या बागांत पुष्कळ प्रकार दिसतात. लाकडाच्या ढलप्या असतात, रंगीत खडे असतात, प्लास्टिकचे कागद असतात. आपण मात्र सुरुवात आपल्या आवारापासून करावी. ज्याच्या परड्यात जे पडते तेच त्याला स्वस्त आणि तेच पुरवठ्याला खात्रीचे.

आंबा, फणस, काजू, साग यांची पाने जाड आणि चिवट. ती सावकाश कुजतात, हा त्यांचा गुण. दोष असा की रुंद पाने एकावर एक बसून कौलांसारखी रचली जातात, आणि वरून घातलेले पाणी त्यांच्यावरून घरंगळून आळ्याबाहेर जाते. म्हणून ती घालण्यापूर्वी पायाखाली चुरडावीत, किंवा त्यांत बांबूचा पाला, गवत, बारीक काटक्या मिसळाव्यात. सुरूच्या सुयांचे याच्या उलट. त्या एकमेकींत अडकतात, वाऱ्याने उडत नाहीत, त्यांतून पाणी सहज उतरते आणि त्या टिकतातही. मात्र एक ठिणगी पडली की भडकतात. चुलीजवळ, गवताच्या उडवीजवळ त्या नकोतच. आणि किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात वाळू अडवून धरण्याचे काम त्याच सुयांचा थर करतो, म्हणून तेथून भारेच्या भारे उचलून आणू नयेत. आपल्या कुंपणातल्या सुरूंचे मात्र खुशाल घ्या.

गिरिपुष्प कुंपणाला लावलेले असेल तर फारच चांगले. त्याचा हिरवा पाला छाटून आळ्यात टाकला की काही आठवड्यांतच विरघळल्यासारखा नाहीसा होतो. झाकण म्हणून तो कुचकामी आहे. अन्न म्हणून उत्तम, कारण त्यात नत्र भरपूर. माझी रीत अशी की खाली गिरिपुष्पाचा पाला आणि वर आंब्या-फणसाचा पातेरा. खालचा लवकर कुजतो आणि वरच्याला कुजायला मदत करतो.

भाताचा पेंढा आच्छादनाला सुरेख असतो, हे पुस्तकांत वाचायला मिळेल. ते खरेच आहे. पण ज्या घरी गुरे आहेत त्या घरी पेंढ्यावर पहिला हक्क गुरांचा. दावणीतून पडलेला, गुरांनी टाकलेला तेवढाच माडाला जावा. भाताचा तूस वाऱ्याने उडतो; तो वापरायचा झाला तर वर झावळ्या टाकाव्या लागतात. गवत कापायचे ते बी धरण्यापूर्वी, नाही तर आपण आच्छादन नव्हे, पेरणी करतो!

माडाचे आच्छादन माडच पुरवतो, ही मोठी सोय आहे. झावळ्या तोडून आळ्यात पसराव्यात. मोठ्या माडाला पंधराएक झावळ्या पुरतात. आणि सोडणे. नारळ सोलल्यावर सोडणांचा ढीग पडतो, त्यातला पुष्कळसा चुलीत जातो. चुलीला लागतील तेवढी जरूर घ्या. पण काही माडासाठी ठेवा. सोडण आपल्या वजनाच्या अनेक पट पाणी शोषून धरते आणि सावकाश सोडते. ते मांडण्याची एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. जमिनीवर आच्छादन म्हणून ठेवायचे तर पाठ वर, वाटी खाली. चर खणून पुरायचे तर वाटी वर, म्हणजे तिच्यात पाणी साठते. जमिनीवर वाटी वर ठेवली तर तिच्यातही पाणी साठते, पण ते माडाऐवजी डासांच्या उपयोगी पडते. एका मोठ्या माडाच्या आळ्याला एका थरासाठी सुमारे शंभर सोडणे लागतात. पुरलेल्या सोडणांचा उपयोग पाच ते सात वर्षे होत राहतो. एकदाच घाम गाळायचा आणि बराच काळ फळ घ्यायचे, असे हे काम आहे.

काथ्याच्या कारखान्यातून निघणारा बारीक भुसा, ज्याला हल्ली कोकोपीट म्हणतात, तोही पाणी धरण्यात तरबेज. परंतु सोडणे खाडीच्या पाण्यात कुजवलेली असतील तर त्यात मीठ उतरलेले असते. असा भुसा एक पावसाळा उघड्यावर धुऊन निघू द्यावा, मग वापरावा.

भुशावरून मला माझी दुसरी चूक आठवली. आबांच्या त्या बोलण्यानंतर मी जरा अतिउत्साहात आलो. एका लाकडाच्या वखारीतून करवतीचा भुसा फुकट मिळत होता. तो दोन गाडे आणला आणि, वाळूला सेंद्रिय द्रव्य हवे ना, मग ते आतच मिसळावे अशा विचाराने कुदळीने खणून आळ्यात मिसळून टाकला. महिना-दीड महिन्यात रोपांची पाने पिवळी पडली. मी आणखी पाणी घातले, ती आणखी पिवळी झाली. कारण असे की करवतीच्या भुशात कर्ब भरपूर आणि नत्र जवळजवळ नाहीच. एका भागाला तीन-चारशे भाग असे प्रमाण पडते. तो कुजवणाऱ्या सूक्ष्म जीवांना नत्र लागते, आणि भुशात नाही म्हटल्यावर ते जमिनीतले ओढून घेतात. वाळूत मुळात नत्र थोडे, तेही गेले. माडाच्या ताटातले काढून मी त्या जीवांना वाढले होते. हाच भुसा जमिनीवर पातळ पसरला असता तर एवढे बिघडले नसते, कारण ही ओढाताण जेथे भुसा आणि माती एकमेकींना चिकटतात तेवढ्याच पातळ थरात होते. तेव्हा सुके आणि लाकडी ते वर पसरावे, आत मिसळू नये. मिसळायचे तर चांगले कुजलेले शेणखत मिसळावे.

खड्यांविषयी आणि प्लास्टिकविषयी थोडे बोलून पुढे जातो. शाळेच्या किंवा देवळाच्या आवारात जास्वंदी-अबोलीच्या वाफ्यांवर चिऱ्याचे तुकडे, पांढरे खडे घालण्याची हौस अलीकडे वाढली आहे. दिसायला नीटनेटके दिसते. दगडाचे आच्छादन मुळातच वाईट असे नव्हे. अटलांटिक महासागरातल्या लान्झारोटे बेटावर 1730 ते 1736 या काळात ज्वालामुखीचे उद्रेक झाले, तेव्हा शेतांवर काळी खर पसरली, आणि पुढे शेतकऱ्यांच्या लक्षात आले की त्या खरीखाली ओल टिकते. तेथे आजही त्या काळ्या थरात द्राक्षे पिकवतात. पण ज्या वाळूला अन्न हवे तिला दगड अन्न देऊ शकत नाही, आणि आपल्या उन्हात तो संध्याकाळपर्यंत तापून राहतो. प्लास्टिकच्या कागदावर कलिंगडे चांगली येतात, तणही राहते. दोन-अडीच महिन्यांच्या पिकाला तो ठीक आहे. पीक निघाल्यावर मात्र तो अखंड गुंडाळून उचलला पाहिजे. त्याच्या चिंध्या वाळूत मिसळल्या की वेचता येत नाहीत. माडाच्या किंवा फुलझाडाच्या कायमच्या आळ्याला मी तो सुचवणार नाही.

आच्छादन घालण्याची वेळ साधणे, ही निम्मी कला आहे. पुष्कळ जण चैत्रात, झाड सुकू लागल्यावर पाला घालतात. तेव्हा जमीन कोरडी ठाक झालेली असते. कोरड्यावर पांघरूण घालून ओल राखणार ती कोणती? दसरा-दिवाळीच्या सुमारास, पाऊस संपला आहे पण वाळूत ओल आहे अशा वेळी तण काढावे, आळे सारखे करावे, शेणखत घालावे आणि लगेच पहिला थर द्यावा. त्या वेळी सुकी पाने थोडी असतात, म्हणून गवत, झावळ्या, गिरिपुष्प यांवर भागवावे. पुढे माघ-फाल्गुनात झाडे पाने टाकू लागली की दुसरा थर. निसर्ग स्वतः नेमका त्याच वेळी पांघरूण घालीत असतो. आपण ते झाडून काढतो इतकेच.

जाडी किती? दाबून बसल्यावर चार बोटे, म्हणजे सात-आठ सेंटिमीटर राहील इतकी. घालताना त्याच्या दुप्पट घालावे लागते, कारण सुका पाला काही आठवड्यांत निम्म्यावर येतो. हिशेबच करायचा तर रोपाभोवती दोन फूट त्रिज्येचे आळे धरा. त्याला वीस लिटरचे चार-पाच डबे भरून दबलेला पाला लागतो, म्हणजे सुटा आठ-दहा डबे. मोठ्या माडाला सहा फूट त्रिज्येचे आळे लागते, कारण त्याची बहुतेक मुळे तेवढ्या टापूत असतात. त्याचे क्षेत्र सुमारे दहा चौरस मीटर भरते आणि तेथे वीतभर थर द्यायचा तर पाऊणशे ते शंभर डबे हवेत. एकदम सगळ्या झाडांना देण्याचा हट्ट धरू नये. थोड्या झाडांना पुरेसे द्यावे. सगळ्यांना चिमूटभर वाटले तर कोणालाच पुरत नाही.

आणि बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी ठेवावी. ही माझी तिसरी चूक होती. रोपाला उबदार शाल गुंडाळावी तसा मी पाला अगदी गळ्यापर्यंत चढवला होता. पाला सदा ओला, बुंधा सदा ओला. दोन रोपांच्या बुंध्याला कुज लागली आणि एकाला वाळवीने आतून पोखरले. आळे वाटीसारखे दिसावे, मधे रोप उघडे, भोवती पाल्याचे कडे. घराच्या भिंतीपासून आणि लाकडी खांबांपासूनही दोन फूट अंतर राखावे, वाळवीसाठी आणि आगीसाठी.

निगा म्हणाल तर तीन-चार गोष्टी आहेत. पाणी घालताना ते पाल्याखाली पोचते की नाही हे पाहावे. कोरडा पाला पहिले पाणी स्वतःच पितो. वळवाची हलकी सर तर पुष्कळदा त्यातच संपते आणि खालची वाळू कोरडी राहते. वरून ओले दिसते म्हणून आपण फसतो. म्हणून शिंपडण्यापेक्षा पाला बाजूला सारून एका जागी सावकाश ओतावे, किंवा ठिबकची नळी असेल तर ती पाल्याखाली घालावी. महिन्यातून एकदा थर हलवून मोकळा करावा. पुष्कळ दिवस कोरडी राहिलेली पाने आणि त्यांखालची वाळू कधी कधी पाण्याला जवळच येऊ देत नाहीत, पाणी मोत्यासारखे वर गोळा होते. रासायनिक खत द्यायचे तर पाल्यावर फेकू नये. पाला सारून, ओल्या जमिनीत, एकदम न देता थोडे थोडे विभागून द्यावे.

पाला हलवायचा तो काठीने किंवा दाताळ्याने, हाताने कधीही नाही. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसे आहे, आणि सुक्या पाल्याच्या रंगाशी त्याचा रंग असा मिळून जातो की डोळ्यांना पत्ता लागत नाही. विंचूही असतात. मुलांकडून हे काम करवून घेणाऱ्या गुरुजींनी तर हे पहिल्याच दिवशी बजावावे, आणि पायांत पादत्राण असल्याशिवाय कोणाला वाफ्यात उतरू देऊ नये.

माडाच्या बागेत आणखी एक सावधगिरी. कुजलेल्या शेणाच्या आणि पाल्याच्या मोठ्या ढिगात गेंड्या भुंगा अंडी घालतो, आणि तोच पुढे माडाचा कोंब पोखरतो. आळ्यातल्या पातळ थरात हा धोका थोडा. कोपऱ्यात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या ढिगात फार. तेव्हा पाला साठवायचा तर ढीग दर दोन महिन्यांनी उलथावा आणि पांढऱ्या, जाड, वाकड्या अळ्या दिसल्या तर वेचून माराव्यात. कोंबड्या असतील तर त्या हे काम आनंदाने करतात.

शिक्षक बंधुभगिनींना एक प्रयोग सुचवतो. याला पैसा लागत नाही. एकाच मापाचे तीन पत्र्याचे डबे घ्या आणि तळाला सारखी भोके पाडा. दोहोंत पुळणीची वाळू भरा. तिसऱ्यात तीच वाळू, पण तिचा चौथा हिस्सा चांगले कुजलेले पानांचे खत. तिन्हींवर मोजून एक-एक लिटर पाणी ओता आणि खाली गळते ते मोजा. तिसऱ्या डब्यातून कमी गळेल. तेवढे पाणी कोणी धरले हे मुलांना विचारा. मग पाणी गळायचे थांबले की वाळूच्या एका डब्यावर चार बोटे चुरडलेला पाला घाला, दुसरा उघडा ठेवा, आणि दोन्ही उन्हात ठेवून रोज दुकानदाराच्या तराजूवर तोला. उघड्या डब्याचे वजन पहिल्या दिवसांत भराभर उतरते आणि मग उतरण्याचा वेग मंदावतो. का मंदावतो, हे मघाशी मी सांगितलेल्या वाळूच्या स्वतःच्या झाकणावरून मुले ओळखू शकतील. दुपारी दोन वाजता दोन्ही डब्यांत दोन बोटे खोल तापमापक घालून आकडे लिहून घ्या. पंधरा दिवसांची अशी वही एखाद्या धड्याहून अधिक शिकवते, आणि ती मुले घरी गेली की परड्यात काडी लावणाऱ्या वडिलांना प्रश्न विचारतात. माझ्या घरात हे झालेले आहे.

माझ्या तेरा रोपांचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. भुशाच्या आणि कुजीच्या भानगडीत आणखी तीन गेली. उरलेली दहा आहेत. पाला घालू लागल्यावर पहिल्या उन्हाळ्यात पाण्याचा फेरा चौथ्या दिवसावरून पाचव्यावर गेला, तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत सातव्यावर. पहिल्या वर्षीचा फरक फार नव्हता, हे मुद्दाम सांगतो. एका उन्हाळ्यात चमत्कार होईल या आशेने कोणी सुरुवात केली तर तो दुसऱ्या वर्षी पुन्हा काडी लावील. विहीर त्यानंतर मचूळ झालेली नाही. त्यात पाल्याचा वाटा किती आणि पंप कमी वेळ चालवण्याचा किती, हे मला वेगळे करून सांगता येणार नाही.

मृगाच्या आधी मात्र एक काम उरते. पहिला जोराचा पाऊस पडण्यापूर्वी रोपाभोवतीचा पाला आणखी वीतभर मागे ओढून घ्यावा, म्हणजे बुंधा पावसाळ्यात मोकळा राहील, आणि उताराच्या बाजूला झावळीचा एक दांडा आडवा ठेवावा, म्हणजे थर वाहून जाणार नाही. त्या वेळी खालचा थर दाताळ्याने थोडा उचकटून पाहावा. पांढऱ्या पुळणीवर दोन-तीन बोटे काळसर भुरा दिसेल, त्यात गांडुळांच्या बारीक गोळ्या असतील, आणि माडाची नवी मुळे त्या भुऱ्यात वर आलेली असतील. तो थर तसाच राहू द्यावा. दसऱ्याला त्याच्यावरच पुढचा थर घालायचा आहे.